राक्षसाचा कान

माझा मामा कवळ्या करायचा. तो दंतवैद्य नव्हता. दंतवैद्य लोकांची तोंडं बघतात. मामाकडे नुसते ठसे यायचे. गुलाबी मसाल्यात उमटलेला कुणाचा तरी वरचा जबडा, कुणाचा तरी खालचा. त्यावरून प्लास्टरचा साचा करायचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात बसवायचा आणि तयार झालेली कवळी डबीत घालून परत पाठवायची. त्याची कामाची जागा एका इमारतीच्या तळघरात होती. खिडकी फुटपाथच्या पातळीला, त्यामुळे दिवसभर त्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. "शहरातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात," तो म्हणायचा, "आणि रस्त्यात भेटले तर ओळखसुद्धा दाखवत नाहीत."

पण त्याला ओळखणारे जे थोडे लोक होते, ते कवळ्यांसाठी ओळखत नव्हते. त्यांच्यात त्याचं नाव होतं भिंगवाले. मामा चित्रं जमवायचा, आणि तीही कच्ची. मुलांच्या जुन्या मासिकांतून, गोष्टींच्या पुस्तकांतून राक्षस, पऱ्या, पंखांचे घोडे, समुद्राखालची शहरं काढणारे जे चित्रकार होऊन गेले, त्यांची रंगवलेली पक्की चित्रं त्याला नको असत. ती काढण्याआधी पेन्सिलीने जे चाचपडलेलं असतं, तेवढंच हवं असे. एक राक्षस उभा करण्याआधी चित्रकार दहा ठिकाणी त्याचा गुडघा काढून बघतो, खोडतो, पुन्हा काढतो. तो कागद बहुतेक वेळा कचऱ्यात जातो. मामा त्या कचऱ्याच्या मागावर असायचा.

"पक्क्या चित्रात चित्रकार पाहुण्यांसमोर बसलेला असतो, कपडे बदलून," तो मला समजावून सांगायचा. "इथे तो घरात बनियनवर असतो. कुणी बघतंय हे त्याला माहीतच नसतं."

मामाने लग्न केलं नाही. माझी आई त्याची मोठी बहीण. तिने पुष्कळ स्थळं आणली. प्रत्येक वेळी तो म्हणे, "ताई, ती येईल आणि पहिल्या दिवशी विचारेल, ही सगळी अर्धवट चित्रं कशाला ठेवलीत? मग मी काय सांगू?" आई चिडायची, मग हसायची, मग कधीतरी तिने विषय काढणंच सोडून दिलं. तो त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटा राहायचा. एका खोलीत झोपायचं आणि चहा करायचा. दुसऱ्या खोलीत एक भलंमोठं लाकडी कपाट, नकाशे ठेवतात तसलं, रुंद आणि उथळ खणांचं. जमीन मोजणीचं एक कार्यालय बंद पडलं तेव्हा त्याने ते मिळवलं होतं. जिन्यातून वर नेताना चार हमाल थकले आणि एकाने विचारलं, "साहेब, यात माणूस आडवा करून ठेवायचाय का?" मामाला ते इतकं आवडलं की पुढे वर्षभर तो आल्यागेल्याला सांगत होता.

लोक त्याच्याकडे कागद तपासून घ्यायला यायचे. कुणाला आजोबांच्या पेटीत काही सापडलेलं असे, कुणी रद्दीवाल्याकडून आणलेलं असे. मामा आधी कागद उजेडाला धरायचा, मग उलटा करून मागची बाजू बघायचा, मग भिंग. कितीतरी वेळ तो काही बोलायचाच नाही. समोरचा माणूस खुर्चीत चुळबुळत बसलेला. मी शाळेत होते तेव्हा एकदा एक गृहस्थ जलपरीचं रेखाटन घेऊन आले होते. सुंदर होतं ते. मामाने पाहिलं आणि परत दिलं.

"हे गिरवलेलं आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"रेघ घाबरलीय. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोराने चाललीय. स्वतःची रेघ असली की माणूस कुठे दाबतो, कुठे सोडून देतो. हिला फक्त वाटेवरून खाली उतरायचं नाहीये."

"पण माझे आजोबा म्हणायचे की..."

"आजोबांनीच गिरवलं असेल. प्रेमाने गिरवलंय."

ते गृहस्थ लाल होऊन उठले आणि निघून गेले. मामाला कळेचना त्यांना राग का आला. त्याच्या मते त्याने चांगलंच काहीतरी सांगितलं होतं. असं त्याचं व्हायचं. जे दिसेल ते बोलायचं, आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं राहून जायचं. आई म्हणायची, हा स्वतःचा जन्माचा दाखलासुद्धा भिंग लावून तपासेल आणि खोटा ठरवेल.

या सगळ्या नादाची सुरुवात कशी झाली ते आईने मला सांगितलं होतं. मामा लहान असताना त्याच्या पायाच्या हाडात पू झाला. त्याला इस्पितळात ठेवलं, आणि खूप दिवस ठेवलं. घरच्यांना दुपारी थोडा वेळच आत सोडत. आईने त्याला एका मुलांच्या मासिकाचा वार्षिक अंक नेऊन दिला. मुखपृष्ठावर एक राक्षस होता. पाठीवर अख्खं गाव घेऊन तो गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडत होता. गावातल्या खिडक्यांत दिवे लागलेले, लोक घराघरांत आपापल्या कामात, आणि खाली राक्षसाचा चेहरा थकलेला. तो कुठे निघालाय ते गावाला माहीतच नाही. मामाने अंक आतून वाचलासुद्धा नाही. तो मुखपृष्ठच बघत पडून राहायचा. पाय बरा झाला, पण किंचित आखूड राहिला. चालताना मामा एका बाजूला झुकतो तो तेव्हापासून.

ते चित्र काढणाऱ्याचं नाव अंकात कुठेच नव्हतं. कोपऱ्यात एक इवलंसं घुबड काढलेलं, तीच त्याची सही. पुढे मामाने खटपट करून नाव शोधलं, पण आम्ही सगळे त्या चित्रकाराला घुबडच म्हणत राहिलो. त्याची कच्ची रेखाटनं फार थोडी उरली होती. मासिकाने जागा बदलली तेव्हा कार्यालयातले सगळे कागद फेकून दिले होते. मामाकडे त्याचे काही कागद होते, एक पंख, एक जिना, पाच-सहा हात. राक्षसाचा एकही कागद नव्हता. तो मामा तरुणपणापासून शोधत होता.

आणि त्याच्याबरोबर मास्तर शोधत होते.

मास्तर म्हणजे माझ्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. मामापेक्षा थोडे मोठे, उंच, पुढे वाकलेले, खिशात कायम पेन्सिलींचे तुकडे. मीही त्यांच्या हाताखाली शिकले. माणसाचा कान कसा काढायचा ते त्यांनी शहरातल्या दोन पिढ्यांना एकाच पद्धतीने शिकवलं होतं: "आधी प्रश्नचिन्ह काढा. त्याच्या पोटात स्वल्पविराम टाका. झाला कान! आता ऐकू येतंय का बघा." वर्ग हसायचा. कान खरंच व्हायचा.

मामा आणि मास्तर यांची ओळख रंग-पेन्सिलींच्या दुकानात झाली होती. मास्तरांची बायको गेली, मुलगी लग्न करून दुसऱ्या शहरात गेली, नंतर ते निवृत्त झाले, आणि या सगळ्या काळात दर रविवारी दुपारी ते मामाकडे येत राहिले. खिडकीपाशी एक वेताची खुर्ची होती, ती त्यांची. मामा एक खण उघडायचा, दोघं एकच कागद बघत बसायचे. कधी तासभर कुणी बोलायचं नाही. कधी एका अंगठ्यावरून असे भांडायचे की खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारायच्या, काही झालंय का. मास्तर मामाला अरे-तुरे करायचे. माझी आई सोडली तर तसं करणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

मामाच्या साठाव्या वाढदिवसाला मास्तर एक पुठ्ठ्याची गुंडाळी घेऊन आले. मी आणि आई तिथेच होतो. "जुन्या पुस्तकवाल्याकडे गठ्ठ्यात मिळालं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मामाने कागद उलगडला. पेन्सिलीने काढलेला राक्षस. पाठीवर गाव, पाणी गुडघ्यापर्यंत.

मामा खाली बसला. मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. आई त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "भिंग आणू का?"

"कशाला?" मामा म्हणाला. "मास्तरांनी आणलंय, ताई."

त्याने ते चौकटीत घालून टेबलाच्या वर लावलं. एवढ्या वर्षांत भिंतीवर लावलेलं ते पहिलंच चित्र. त्यानंतरचं वर्ष मामाचं फार चांगलं गेलं. तो आमच्याकडे जेवायला आला की मधेच हसायचा. तळघरातसुद्धा गुणगुणायचा. त्याने एकदाही त्या कागदावर भिंग धरलं नाही.

मग शहरातल्या एका संग्रहालयाने जुन्या बालचित्रकारांचं प्रदर्शन करायचं ठरवलं. तिथल्या बाई मामाला ओळखत होत्या. त्यांना राक्षसाचा कागद हवा होता, आणि त्याबरोबर मामाच्या सहीचं एक टिपण, की हे घुबडाचंच आहे. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर मामाने आधी तपासून मग हो म्हटलं असतं. इथे तो हो म्हणून मोकळा झाला. टिपणात कागदाचा प्रकार, पेन्सिल, मागची बाजू हे सगळं लिहावं लागतं, म्हणून चौकट उघडायची होती. स्टुलावर चढणं त्याच्या पायाला जमत नाही, म्हणून त्याने मला बोलावलं.

शनिवारची सकाळ होती, खोलीत भरपूर ऊन. मी चौकट काढून टेबलावर ठेवली. मामाने मागचे खिळे सोडवले, कागद बाहेर घेतला आणि सवयीने, अगदी सवयीने, भिंग डोळ्याला लावलं.

मी चहा करायला आत गेले. परत आले तेव्हाही तो तसाच वाकलेला होता. चहा निवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"घुबड डावखुरा होता," तो म्हणाला. स्वर अगदी साधा, कामाचा. "त्याच्या छटेची रेघ बघ, अशी उलट्या बाजूला कललेली असते. इथेही तशीच आहे. पण डावखुऱ्याचा हात डावीकडून उजवीकडे जाताना स्वतःच्याच रेघांवरून घसटत जातो. त्याचे सगळे कागद माखलेले असतात. हा स्वच्छ आहे."

"जपून काढलं असेल."

"आणि हा पाय. एकदाच काढलाय. कुठे पडणार ते आधीच माहीत आहे. कच्च्या चित्रात पाय शोधावा लागतो गं." मग त्याने बोट थोडं वर सरकवलं. "आणि हे."

छापलेल्या मुखपृष्ठावर राक्षसाच्या डोक्याची डावी बाजू मासिकाच्या नावाखाली झाकली गेली होती. तिथे काय होतं ते कुणीच पाहिलेलं नव्हतं. या कागदावर तिथे कान होता. एक मोठं प्रश्नचिन्ह, आणि त्याच्या पोटात स्वल्पविराम.

मला हसू आलं. मामा हसला नाही. त्याने भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा तोच कान बघितला. मग मला म्हणाला, "तू घरी जा आता. ताईला काही सांगू नकोस."

त्याच दुपारी त्याने संग्रहालयातल्या बाईंना फोन केला आणि सांगितलं की कागद घुबडाचा नाही, प्रदर्शनात लावू नका. कुणी काढला असेल, असं त्यांनी विचारलं. "ते मला सांगता येणार नाही," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मास्तर नेहमीप्रमाणे आले. भिंतीवरची रिकामी जागा आणि टेबलावरचा कागद त्यांनी दारातूनच पाहिला. पुढचं मला मामाने खूप नंतर सांगितलं, पण शब्द न् शब्द त्याच्या लक्षात होता.

"कळलं तर," मास्तर म्हणाले. ते वेताच्या खुर्चीत बसले. "कशावरून?"

"कानावरून."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "कान! एवढं सगळं सांभाळलं, कागद आडवा धरून छटा मारल्या, आणि कान माझ्या हाताने आपोआप काढला!" ते हसले. मामाही जरासा हसला. मग मास्तर गंभीर झाले. "अरे, तू शोधून शोधून म्हातारा झालास. मला वाटलं, नाहीच सापडणार आता. म्हणून काढलं. आणि खरं सांगू? बायको गेल्यापासून सकाळी उठून करायचं असं काही नव्हतंच मला. ते काढत होतो तेवढे दिवस होतं."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर ते मास्तरांचं चित्र झालं असतं. तू म्हणाला असतास, छान आहे, आणि खणात टाकलं असतंस." मास्तरांनी टेबलावरच्या कागदाकडे बघितलं. "आता त्या बाईंना काय सांगायचं? हरवलं म्हण. वाळवी लागली म्हण."

"त्यांना कालच कळवलंय. हे त्याचं नाही म्हणून."

मास्तरांनी मामाकडे बघितलं. "काल?"

"हो."

"म्हणजे आधी त्यांना सांगितलंस. मग मला."

मामाला वाटलं होतं की कुणाची फसगत होऊ नये म्हणून लवकर कळवणं बरं. त्याने तसं बोलूनही दाखवलं. मास्तर ऐकत होते. मग ते उठले, चप्पल घातली, आणि जिना उतरून गेले. चहाचं आधण अजून उकळतच होतं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मामाने फोन केला, वाजत राहिला. शेवटी तो स्वतः त्यांच्या घरी गेला. मास्तरांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या. बसा. काय घ्याल तुम्ही?"

मामाला तो "तुम्ही" ऐकूनच उलट्या पावली परत यावंसं वाटलं. तरी तो बसला. हवेबद्दल बोलला. पाण्याचा पेला संपवला आणि निघाला. दारात मास्तर म्हणाले, "येत जा," आणि दार लावलं.

त्या दिवसांत मी मामाकडे जायचे. राक्षसाचा कागद कुठे ठेवायचा हेच त्याला सुचत नव्हतं. त्याच्या कपाटात खोट्या कागदांचा एक खण होता, सगळ्यात खालचा. त्यात त्याला तो टाकवेना. घुबडाच्या खणात ठेवणं बरोबर नव्हतं. कागद नुसता पुठ्ठ्यांमध्ये घालून वेताच्या खुर्चीवर उभा करून ठेवलेला होता. भिंतीवर फिकट चौकोन राहिला होता. मामा रविवारी दुपारी झोपायला लागला. आयुष्यात तो कधी दुपारी झोपला नव्हता. "काम फार असतं हल्ली," तो म्हणायचा. काम नेहमीइतकंच होतं.

मास्तर शहर सोडून गेल्याचं त्याला रंग-पेन्सिलींच्या दुकानात कळलं. दुकानदार सहज म्हणाला, "मास्तर मुलीकडे गेले ना कायमचे. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणे नीट. तुम्ही पोचवायला गेला असाल की." मामा म्हणाला, "हो हो." खोटं बोलल्याचं त्याने मला सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. बहुधा त्याचं ते पहिलंच खोटं.

प्रदर्शनाच्या तयारीला वेळ लागत होता. कितीतरी महिन्यांनी त्या बाईंचा पुन्हा फोन आला. घुबडाची सून परगावी राहत होती, तिने माळ्यावरून एक गठ्ठा काढून पाठवला होता, तो बघायला याल का? मामा गेला. त्या संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, लोखंडी टेबलावर त्या बाईंनी एकेक कागद त्याच्यासमोर ठेवला. पऱ्या होत्या, मासे होते. मधेच एक मोठा कागद आला. सबंध माखलेला, काळपट, खोडून खोडून मधे विरलेला. राक्षसाचा पाय चार ठिकाणी होता. नदी आधी डोंगर होती, मग खोडून नदी केलेली. आणि डोक्याच्या डाव्या बाजूला, जिथे पुढे मासिकाचं नाव बसलं, तिथे कान दिसतच नव्हता. तिथे खांद्यावर एक एवढीशी बाई बसलेली होती. पाय खाली सोडलेले, एक हात राक्षसाच्या केसांत रुतवलेला, तोंड त्याच्या कानाशी नेलेलं. ती त्याला काहीतरी सांगत होती.

मामाने टिपण लिहून सही केली. त्या बाईंनी खात्रीसाठी विचारलं, "त्याचंच ना?" तो म्हणाला, "त्याचंच." मग तो बाहेर आला. समोरच्या फुटपाथवर उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की हे सांगायला जायचं तर कुठे जायचं?

तो आमच्याकडे आला. बूटसुद्धा न काढता आईला सगळं सांगितलं. आईला तो इस्पितळातला अंक चांगला आठवत होता.

"म्हणजे तो एकटा चालला नव्हता," आई म्हणाली.

"नव्हता. छापताना झाकली गेली ती."

"आणि तू तिथे पडून त्याच्यासाठी रडायचास."

मामा म्हणाला, "मास्तरांना कळायला हवं हे."

"मग कळव की. माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

मास्तरांच्या मुलीचा नंबर त्याच्याकडे नव्हता. मी शाळेतून तो मिळवला. मामाने आमच्याच बैठकीच्या खोलीतून फोन लावला. त्याला ऐकू कमी येतं म्हणून मी फोनचा स्पीकर लावून तो त्याच्यासमोर ठेवला. मुलीने घेतला, मग बराच वेळ कुणी नाही, मग पाय घासत आल्याचा आवाज.

"बोला," मास्तर म्हणाले.

"मास्तर, खरं सापडलं. राक्षसाचं."

आईने मामाचा हात धरला.

"पाहिलंत का तुम्ही?" मास्तरांनी विचारलं.

"पाहिलं. हातात घेऊन."

"पाय?"

"चार ठिकाणी. चौथा ठेवलाय."

"डावा की उजवा पुढे?"

"आधी डावा होता. खोडलाय."

"मला वाटलंच होतं!" मास्तरांचा आवाज एकदम वर गेला. "मला डावाच पुढे करायचा होता, छापलेलं बघून उजवा केला. बरं, आणि कान? कान कसा काढलाय त्याने?"

"कान नाहीये. तिथे एक बाई बसलीय." आणि मामा सांगायला लागला. तिचे पाय कसे सोडलेत, हात कुठे आहे, रेघ कुठे दाबलीय, कुठे नुसती टेकवलीय. डोळे मिटून सांगत होता. मधेमधे मास्तर विचारायचे, "खांदा केवढा?" "केस मोकळे की बांधलेले?" मामा सांगायचा.

"फोटो पाठवू का?" मामाने विचारलं.

"नको रे. मला दिसत नाही आता. तू सांगितलंस ते दिसलं."

त्या "रे"ने मामाचा चेहरा बदलला. फोन ठेवल्यावर न्हाणीघरात जाऊन त्याने खूप वेळ तोंड धुतलं.

प्रदर्शनाच्या आधी मामा एकदा मास्तरांना भेटायला गेला. त्यांच्या मुलीचं घर नवीन वस्तीत, सगळ्या इमारती सारख्या; तो दोन वेळा चुकीच्या जिन्याने वर गेला. त्याने तो पुठ्ठ्यातला कागद बरोबर नेला होता. त्यावर मास्तरांनी स्वतःची सही करावी, मग त्यांच्या नावाचा एक वेगळा खण करता येईल, असं त्याच्या मनात होतं. मास्तरांनी कागदावरून हात फिरवला आणि मान हलवली.

"याच्यावर नको. हे दुसऱ्याचं म्हणून काढलंय. डोळ्यांचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. ते झालं की तुला एक माझं काढून देतो. त्याच्यावर करतो सही."

"काय काढणार?"

"ते आत्ता कसं सांगू? आधी चुकायला तर पाहिजे."

दोघं बाल्कनीत बसले. मास्तर मुलीविषयी तक्रार करत होते, की ती त्यांना चाकू हातात धरू देत नाही, पेन्सिलीला टोक काढायलासुद्धा नाही. मामाने खिशातला ब्लेडचा तुकडा काढून गुपचूप त्यांच्या सगळ्या पेन्सिलींना टोकं करून दिली. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा दोघांनी लाकडाची साल कुंडीत लपवली. संध्याकाळच्या बसने मामा परत आला.

ऑपरेशन झालं, पण डोळे सुधारले नाहीत. नंतर नजर पुरतीच गेली. काही काळ दर रविवारी दुपारी फोन व्हायचा. मग मास्तरांना कमी ऐकू यायला लागलं, मग विसर पडायला लागला. एकदा त्यांनी मामाला विचारलं, "आपण कोण?" आणि मामाने सांगितलं, "मी कवळ्या करणारा." मास्तर म्हणाले, "वा, चांगलं काम आहे." थंडीत ते गेले. मुलीने कळवलं तोवर सगळं उरकलं होतं.

मामा अजूनही तळघरात जातो, पूर्वीपेक्षा कमी. लोक अजून कागद घेऊन येतात. मी मधे पाहिलं, एक तरुण बाई आजीच्या वहीतली परी घुबडाने काढलीय का, ते विचारायला आली होती. मामाने भिंग लावलं, खाली ठेवलं, आणि बोलण्याआधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हे ज्यांनी काढलं, त्या तुमच्या कोण?" त्या दोघांचं बोलणं बराच वेळ चाललं. परी घुबडाची नाही हे त्याने सांगितलंच, पण अगदी शेवटी, जिन्यापर्यंत सोडायला गेला तेव्हा.

रविवारी मी जाते, जमेल तसं. मामा एखादा खण उघडतो, आम्ही शेजारी बसून कागद बघतो. मी विचारते, हा हात इथे का खोडला असेल? तो सांगतो. मी ऐकते. पण त्याच्याशी भांडावं एवढं मला त्यातलं कळत नाही, आणि ते त्यालाही माहीत आहे. थोड्या वेळाने तो खण लावतो आणि म्हणतो, "चल, उशीर होईल तुला." तेव्हा बाहेर अजून लख्ख ऊन असतं.